माळावरचा तरवड अंगणात

बीड, सोलापूर किंवा साताऱ्याच्या माण-खटाव भागातून एस.टी.ने जाताना रस्त्याच्या कडेला, मुरमाड माळावर, रेल्वेच्या भरावावर एक छातीभर उंचीचे झुडूप तुम्ही पाहिले असेल. भोवतालचे गवत करपलेले असते आणि हे मात्र हळदीसारख्या पिवळ्या फुलांनी लगडलेले! हाच तरवड. नवरात्रात घटावर याच फुलांची माळ चढवतात. शेजारच्या तेलंगणाचे तर ते राज्यपुष्पच आहे.

१७५३ साली लिनियसने याला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. आज वनस्पतिशास्त्रज्ञ याला 'सेना ऑरिक्युलाटा' म्हणतात. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेला. पान जिथे फांदीला जोडलेले असते तिथे पाहा, कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे दिसतील. तरवड ओळखण्याची ही सोपी खूण. टाकळ्याला असे कान नसतात.

एवढे काटक झाड लावायला सोपे असेल, असे तुम्हांला वाटेल. पण पिकलेल्या, कागदासारख्या चपट्या शेंगांतले बी काढून नुसते कुंडीत टोचलेत, तर बहुतेक बिया महिनाभर तशाच पडून राहतील. त्या मेलेल्या नसतात. त्यांचे बीजावरण इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. निसर्गात उन्हाने, पावसाने, मातीच्या घर्षणाने ते हळूहळू झिजते. काही बिया यंदा रुजतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याही नंतर. यात मोठा शहाणपणा आहे. जूनच्या पहिल्या सरीबरोबर सगळ्याच बिया उगवल्या आणि पुढे पावसाने महिनाभर दडी मारली, तर त्या वर्षीचे सारे बी वाया जाईल. दुष्काळी मुलखात असा धोका पत्करणे परवडत नाही.

आपल्याला मात्र घाई आहे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस चाळीस बिया घ्या. वीस तशाच ठेवा. उरलेल्या वीस बियांची एक कड खरखरीत पॉलिश कागदावर हलकेच घासा. आतला पांढुरका भाग दिसू लागताच थांबा, नाहीतर अंकुराला इजा होईल. मग दोन्ही गट वेगवेगळ्या वाट्यांत रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी घासलेल्या बिया फुगलेल्या दिसतील. बिनघासलेल्या बहुतेक जशाच्या तशा. दोन्ही गट वेगळे पेरा आणि रोज किती उगवल्या ते वहीत मांडा.

रोपांसाठी उंच पिशव्या घ्या, कारण तरवडाचे सोटमूळ भराभर खाली जाते. याच कारणासाठी माळावरचे वाढलेले झुडूप उपटून आणू नका. मूळ तुटते, झुडूप घरी येऊन वाळते आणि माळावरचेही एक कमी होते. रोप वीतभर झाले की भर पावसात, जिथे दिवसभर ऊन पडते तिथे लावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरे. पुढे शक्यतो देऊच नका. तरवड जास्त करून लाडानेच मरतो. पाणी साचले की मुळे कुजतात. बहर ओसरल्यावर फांद्या थोड्या छाटल्या की झुडूप दाट होते. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचीही चिंता नाही. पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या, तर औषध फवारण्याआधी जरा थांबा. त्या बहुधा पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात.

तरवड शेंगांच्या कुळातला असला, तरी मुळांवर नत्राच्या गाठी शोधू नका. सेना गटातल्या वनस्पतींना त्या सहसा नसतात. साल मात्र मोठ्या कामाची. तिच्यात टॅनिन भरपूर असते, म्हणून दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी ती फार पूर्वीपासून वापरतात.

फूल आले की भिंग घेऊन बसा. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन खुरटलेले, वांझ. मधले आखूड, आणि खालचे लांब, बाकदार. फुलात मध नाही. पराग आहेत, पण परागकोश उभा चिरत नाही. टोकाच्या बारीक छिद्रांतूनच पराग बाहेर येतात, मिठाच्या डबीतून मीठ यावे तसे. ही डबी हलवणार कोण? काळा, दांडगा भुंगा. तो फुलाला घट्ट धरतो, पंख न फडकवता उडण्याचे स्नायू थरथरवतो आणि पराग भुर्रकन उडतात. त्या वेळी त्याचा गुंजारव उडतानापेक्षा चढ्या सुरात ऐकू येतो. कान देऊन ऐका. मधल्या पुंकेसरांचे पराग तो बहुतांशी पोरांच्या खाऊसाठी नेतो, लांब पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाकडे जातात.

झुडूप फुलले, पण शेंगा धरत नाहीत, असे झाले तर खताची पिशवी आणण्याआधी आसपास भुंगे येतात का ते पाहा. ते वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत भोके पाडून घर करतात. परसातले वठलेले खोड सरपणाला तोडले असेल, तर एखादा जाड, वाळका बांबू आडोशाला टांगून ठेवा.