कर्नल मोडमधून यूजर मोडमध्ये : पहिले पाऊल

संगणक सुरू होतो तेव्हा प्रोसेसरवर अधिकाराचे बंधन नसते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, याच अवस्थेत स्मृती, घड्याळ व डिस्क यांची व्यवस्था लावतो. परंतु वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमलाही हीच मुखत्यारी मिळाली, तर त्यातील एक चूक सबंध यंत्र बंद पाडू शकते. एमएस-डॉसवर असे होत असे. म्हणून पहिला प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी कर्नलला अधिकार खाली उतरवावे लागतात. 'मोड बिट बदलतो' एवढे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. पण तो कोण बदलतो व कसा, हा खरा प्रश्न आहे.

इंटेलच्या ८०३८६ (१९८५) या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या ० ते ३ अशा चार पायऱ्या आहेत. शून्य ही सर्वांत वरची. साध्या जंप किंवा कॉल आज्ञेने कमी अधिकाराच्या पायरीवर उतरता येत नाही. ती वाट परतीच्या आज्ञेत आहे. 'आयरेट' ही आज्ञा, व्यत्यय हाताळून झाल्यावर, थांबलेल्या प्रोग्रॅमकडे परत नेते. पण आरंभी थांबलेला प्रोग्रॅमच नसतो. मग परतायचे कोठे?

१९९१ च्या पहिल्या लिनक्समध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी याचे उत्तर मोजक्या ओळींत दिले. कर्नल स्वतःच स्टॅकवर पाच मूल्ये ठेवतो : स्टॅकचा सिलेक्टर, स्टॅकचा पत्ता, फ्लॅग्ज, कोडचा सिलेक्टर व पुढील आज्ञेचा पत्ता. दोन्ही सिलेक्टरांची द्विमान रूपे अनुक्रमे १०१११ व ०११११ अशी आहेत. दोहोंचे शेवटचे दोन अंक ११, म्हणजे तीन. त्यानंतर आयरेट. प्रोसेसर ती मूल्ये उचलतो आणि जणू तिसऱ्या पायरीवरूनच आला होता, अशा रीतीने तेथे 'परततो'.

एकदा उतरल्यावर प्रोग्रॅमला हे अंक स्वतः बदलून वर चढता येत नाही. त्याने व्यत्यय क्रमांक १२८ द्वारे विनंती करायची, आणि कर्नलने ठरवून ठेवलेल्या दारातूनच आत जायचे. संरक्षणाचा सारा अर्थ या एकाच दारात आहे.

आजच्या लिनक्समध्ये तपशील बदलले आहेत, तत्त्व तेच आहे. क्रमांक १ ची प्रक्रिया कर्नलमध्ये जन्मते, इनिट प्रोग्रॅम स्मृतीत आणते आणि तयार केलेल्या नोंदींवरून यूजर मोडमध्ये 'परतते'. ती प्रक्रिया संपली, तर कर्नल पुढे चालण्यास नकार देतो.

वर्गात ही पाच मूल्ये फळ्यावर एकाखाली एक मांडून दाखवावीत. मोड बिट मग पाठांतराचा विषय राहत नाही.