मस्टरवरचे नाव : साथीच्या काळातला पगार आणि बेकारी भत्ता

टाळेबंदी हा शब्द लालबाग-परळच्या माणसांना २०२०च्या कितीतरी आधीपासून माहीत होता. मालकाने गिरणीच्या फाटकाला कुलूप घालून कामगारांना बाहेर ठेवायचे, ही टाळेबंदी. तिच्या मागे वाद असतो, मागण्या असतात, दोन बाजू असतात. मार्च २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी 'लॉकडाउन'साठी हाच शब्द घेतला आणि दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळाले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधली टाळेबंदी मालक करतो. कोविडच्या साथीतली टाळेबंदी सरकारने केली. कामगार कामावर यायला तयार, मालकाचा त्याच्याशी काही वाद नाही, तरीही यंत्र बंद. अशा दिवसांचा पगार कोणी द्यायचा आणि नोकरीच गेली तर घर कशावर चालायचे, हे दोन प्रश्न त्या वर्षी गिरगाव ते दादर प्रत्येक चाळीत विचारले गेले.

असे प्रश्न मुंबईला त्याआधी पडले होते ते प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून गेली. गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी महिना भरल्यावर, तोही उशिरा, पगार देणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ सुरू झाली. कामगाराला मिळालेला हा जोर टंचाईतून आलेला होता, कायद्यातून नव्हे. टंचाई संपली तसा तोही ओसरला. १८९७ साली आलेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यात तपासणी होती, शिक्षा होती, सरकारी अधिकाऱ्यांना संरक्षण होते. मजुरीबद्दल एक शब्दही नव्हता. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांसाठी राबता राबता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीत गेले. पुढे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि महागाई एकत्र आली, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. आजारपणाची भरपाई, कामावरून कमी करण्याचे नियम, किमान वेतन हे सारे कायद्यात यायला त्यानंतर तीसहून अधिक वर्षे लागली.

महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा तोच १८९७चा कायदा लागू केला. पगाराचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता. केंद्रीय श्रम मंत्रालयाने २० मार्चला मालकांना पत्र लिहून कोणाला कामावरून काढू नका आणि पगार कापू नका, असे सुचवले. ती केवळ सूचना होती. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली आदेश काढला : बंदच्या काळातला पगार ठरलेल्या तारखेला, काहीही न कापता द्यावा. हा आदेश १७ मेपर्यंत, म्हणजे ५० दिवस टिकला आणि १८ मेपासून मागे घेतला गेला.

आदेशाविरुद्ध मालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिल २०२० रोजी 'अलाइन कंपोनंट्स' प्रकरणात सांगितले की प्रवास भत्ता आणि जेवणाचा भत्ता वगळून महिन्याचा पगार द्यावा. मात्र बंद शिथिल झाल्यावर काम उपलब्ध असूनही जो स्वतःहून येणार नाही, त्याचा पगार रीतसर कापता येईल. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरातल्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात १२ मे रोजी याच खंडपीठाने 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व अशा असाधारण काळात लावता येणार नाही, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी 'फायकस पॅक्स' प्रकरणात मधला मार्ग धरला : पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी त्या ५० दिवसांबद्दल बोलणी करावीत, तोडगा निघाला नाही तर कामगार आयुक्तांकडे जावे. ज्यांच्यामागे युनियन होती त्यांना बोलणीसाठी टेबल मिळाले. दादरच्या कापड दुकानात मालकासमोर एकटा उभा राहणारा सेल्समन कोणाच्या जोरावर बोलणी करणार, याचे उत्तर निकालात नव्हते.

याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक तत्त्व पक्के केले. गुजरात सरकारने कारखान्यांना कामाचे तास वाढवण्याची आणि ओव्हरटाइम दुपटीने न देण्याची मुभा दिली होती. साथ म्हणजे कारखाने कायद्यातली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, असे सांगून न्यायालयाने ती रद्द केली. साथीचे संकट कामगाराच्या खिशातून भागवता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

विशेष आदेश संपला की उरतो तो नेहमीचा कायदा, आणि त्यातला साथीला सर्वांत जवळचा शब्द म्हणजे 'ले-ऑफ'. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही. नोकरी मात्र शाबूत असते. अशा दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते. त्यासाठी अटी आहेत : आस्थापना कारखाना, खाण किंवा मळा असावी, तिथे किमान ५० कामगार असावेत, कामगाराची एक वर्षाची सलग नोकरी झालेली असावी आणि त्याचे नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर असावे. आणखी एक अट गिरणगावातल्या जुन्या माणसांना चांगली आठवते. ले-ऑफच्या काळात कामगाराने रोज ठरलेल्या वेळी, दिवसातून एकदा, फाटकावर हजेरी द्यायची असते. दिली नाही तर त्या दिवसाची भरपाई बुडते. ज्या एप्रिलमध्ये लोकल बंद होती आणि रस्त्यावर पोलीस होते, त्या एप्रिलमध्ये ही अट पाळणे कोणालाही शक्य नव्हते.

या अटींची चाळणी किती बारीक आहे ते परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांत दिसते. २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणि घरगुती मूर्तीची दोन फुटांवर आली. मोठ्या मूर्तींची कामे थांबली आणि साचेकाम, रंगकाम, आखणी करणाऱ्या हातांना काम उरले नाही. अशा कारखान्यात पन्नास माणसे क्वचितच असतात. शिवाय ले-ऑफच्या तरतुदी हंगामी उद्योगांना लागू होत नाहीत. म्हणजे नावात कारखाना आणि कामाला कारागीर असूनही कायद्याच्या नजरेत भरपाईचा धनी कोणीच नाही.

ज्यांचे नाव मस्टरवर होते त्यांनाही निम्म्यावर दिवस काढावे लागले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातल्या २३ चालू गिरण्या मार्च २०२० मध्ये थांबल्या, त्यात हिंदमाताजवळची टाटा मिलही होती. टाळेबंदी उठली तरी या गिरण्यांचे चाक फिरले नाही आणि कामगार अर्ध्या पगारावर राहिले. घरभाडे, शाळेची फी आणि किराणा मात्र पुऱ्या दराने चालू होते.

कामावरून कायमचे कमी करणे ही वेगळी गोष्ट. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी आलेला आधी जातो, आणि पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना आधी बोलवायचे असते. व्यवहारात अनेकांना नोटीस न देता 'उद्यापासून येऊ नका' एवढेच सांगितले गेले किंवा कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतली गेली. राजीनामा दिला की नुकसानभरपाईचा हक्क आपल्याच हाताने सोडल्यासारखे होते, म्हणून दबावाखाली सही करण्यापूर्वी विचार करणे फार महत्त्वाचे. महाराष्ट्रात यासाठी १९७१चा स्वतंत्र कायदा आहे, कामगारांच्या बोलण्यात 'पल्प' कायदा. खोट्या कारणाने किंवा सूडबुद्धीने काढणे ही त्यात अनुचित कामगार प्रथा ठरते आणि कामगार ९० दिवसांत तक्रार करू शकतो.

नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ता भारतात सर्वांसाठी कधीच नव्हता. ब्रिटनने साथीत बंद पडलेल्या कामाचा ८० टक्के पगार सरकारी तिजोरीतून दिला. जर्मनीत कामाचे तास कमी झाल्यावर पगाराची तूट भरून काढणारी व्यवस्था आधीपासूनच होती. आपल्याकडे बेकारी भत्त्याच्या सर्वांत जवळ जाते ती कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमित कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात औषध घ्यायला जाणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते की ईएसआयच्या त्याच कार्डावर बेकारीतही पैसे मिळू शकतात.

त्यासाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत १ जुलै २०१८ पासून सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होती. ऑगस्ट २०२० मध्ये ईएसआय महामंडळाने २४ मार्चपासून नोकरी गेलेल्यांसाठी हे प्रमाण ५० टक्के केले. ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला आणि मालकाच्या सहीची गरज उरली नाही. कामगार थेट शाखा कार्यालयात अर्ज देऊ शकला. अट अशी की तो किमान दोन वर्षे विमित असावा, नोकरी जाण्याआधीच्या अंशदान काळात ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात तितकेच. महिना १५,००० रुपये, म्हणजे रोजचे ५०० रुपये कमावणाऱ्याला यातून दिवसाला २५० आणि तीन महिन्यांत २२,५०० रुपये मिळू शकत. हा लाभ आयुष्यात एकदाच. कारखाना कायमचा बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना अधिक लांब साथ देते : पहिले बारा महिने ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. आजारी पडलेल्याला पुरेसे अंशदान असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के आजारपण लाभ मिळतो.

दुसरा आधार भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे फंडाचा. २८ मार्च २०२० पासून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिल्लक रकमेच्या ७५ टक्के, यांपैकी जे कमी असेल ते परत न करण्याच्या अटीवर काढता आले. खात्यात एक लाख रुपये आणि महिन्याचे मूळ वेतन १२,००० असेल, तर ३६,००० मिळत. हा भत्ता नव्हता. म्हातारपणासाठी बाजूला टाकलेला कामगाराचाच पैसा होता.

या सगळ्याच्या बाहेर उभा असलेला माणूस मुंबईत सर्वांत मोठ्या संख्येने आहे. गिरगावात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सोसायटीच्या फाटकावरच अडवले गेले; कामाच्या घरांनी पगार चालू ठेवला तर ती त्यांची माणुसकी, कायद्याचे बंधन नव्हे. २००८च्या कायद्याने घरेलू कामगार मंडळ झाले, पण त्याचा आधारही नोंदणीवरच. २०२१च्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगार, बांधकाम कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंद असलेल्यांच्याच खात्यावर गेले. लोकल थांबली तसे डबेवाल्यांचे कामही थांबले. त्यांना मालकच नाही, म्हणून ले-ऑफ नाही, ईएसआय नाही. कंत्राटी कामगाराची स्थिती थोडी बरी : ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. पण आपण तिथे काम केले हे दाखवायला हजेरीचा कागद लागतोच.

महाराष्ट्राला बेकारी भत्त्याची कल्पना नवी नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली. मागणाऱ्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. परळ-दादरच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही दिसणारी दरमहा २०० रुपयांची कपात तीच. शहरातला पगारदार ग्रामीण मजुराच्या हमीसाठी इतकी वर्षे हातभार लावतो आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच धर्तीवर शहरी कामगारासाठी हमी मात्र अजून उभी राहिलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ले-ऑफची निम्मी भरपाई आणि ५० कामगारांची अट तशीच राहिली. कपात, ले-ऑफ किंवा बंदसाठी सरकारची पूर्वपरवानगी आधी १०० कामगारांपासून लागत असे, ती आता ३०० पासून लागते. कमी केलेल्या कामगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे आणि पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचा पगार ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायचा आहे. गिग कामगारांचा उल्लेख प्रथमच केंद्रीय कायद्यात आला, पण त्यांच्यासाठी बेकारी भत्ता नाही.

साथीच्या दिवसांत हक्क सिद्ध करायला चार-पाच कागद पुरले : नेमणुकीचे पत्र किंवा ओळखपत्र, पगारपत्रके, पगार जमा झाल्याचे बँक पासबुक, ईएसआयचा विमा क्रमांक आणि फंडाचा बारा आकडी यूएएन. अंशदान खरोखर भरले जाते का, हे दर काही महिन्यांनी ऑनलाइन पाहता येते. कापलेले पैसे भरलेच नसतील तर ते नोकरी चालू असतानाच उघडकीला आलेले बरे. ईएसआयचे प्रादेशिक कार्यालय लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर पंचदीप भवनात आहे. कामगार आयुक्तांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. दोन्ही ठिकाणी अर्जाची पोच शिक्क्यानिशी मागून घ्यावी आणि ती पगारपत्रकांसोबत घरी जपून ठेवावी.