जुनी ओम्नी दुरुस्त करताय? आधी कागद, मग ब्रेक, रंग शेवटी

घरची भाजी बाजारात न्यायची आणि सणावाराला अख्खं घर बसवून जत्रेला जायचं, अशा कामाच्या मारुती ओम्नी गावोगावी अजून चालू आहेत. कंपनीने 2019 मध्ये ही गाडी बनवणं थांबवलं. खिशात पैसे थोडे असतील तर दुरुस्तीचा क्रम चुकवू नये.

पहिलं आरसी बुक बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे आरटीओत पासिंग झालं तरच 5 वर्षं वाढते. गाडी पास होण्यासारखी नसेल तर घातलेला पैसा वाया.

मग खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड मारता येतो. सगळीकडे आरपार भोकं पडत असतील तर थांबलेलं बरं.

सीट काढणं, गंज घासणं, धुणं ही कामं घरच्यांनी वाटून घ्यावीत. शिलाई मशीन असेल तर सीट कव्हरही घरीच होतात. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. भक्कम ठोकळे लावावेत.

ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग मिस्त्रीकडेच द्या. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका. ब्रेकचे पार्ट भंगारातले नकोत, नवेच घ्या. रंगाचं पुढच्या सुगीला बघता येईल.