गहू अमेरिकेचा, घड्याळ जालहळ्ळीचे

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हेब्बाळ हे बेंगळूरचे उपनगर नव्हते. बळ्ळारी रस्त्यावरचे, तळ्याच्या काठी वसलेले ते एक गाव होते. केंपेगौडाच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे मोठे तळे, त्याच्या पाण्यावरची भातखाचरे आणि चढावर पावसाच्या भरवशावर घेतलेली रागी, म्हणजे नाचणी. शहरातून मेख्री सर्कल ओलांडले की घरे विरळ होत. पुढे जक्कूरचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण केंद्र आणि त्यापलीकडे येलहंक्याचा हवाई दलाचा तळ. १९६१ च्या जनगणनेत बेंगळूरची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती, १९७१ मध्ये ती साडेसोळा लाखांवर गेली. शहर फुगत होते, पण हेब्बाळला अजून भिडले नव्हते. राज्याचे नावही तेव्हा म्हैसूरच होते. कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये आले.

या गावाचे वेगळेपण शेतीशास्त्रात होते. १८९९ मध्ये म्हैसूरच्या राजमातेने दिलेल्या ३० एकर जमिनीवर येथे प्रायोगिक शेत सुरू झाले आणि १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले. १९६४ मध्ये ते नव्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा गाभा बनले. के. सी. नाईक पहिले कुलगुरू. अमेरिकेच्या टेनेसी विद्यापीठाशी सहकार्याचा करार झाला आणि तिकडचे प्राध्यापक हेब्बाळच्या शिवारात दिसू लागले. शेजारीच पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जनावरांच्या लसी बनवणारी संस्था होती. देशाला धान्याची ददात असताना धान्यावर संशोधन करणारी माणसे ज्या रस्त्यावरून जात, त्याच रस्त्यावर रेशनची रांगही लागे. त्या काळातल्या हेब्बाळचे जगणे समजून घ्यायला ही विसंगती उपयोगी पडते.

धान्याची टंचाई केवढी होती? १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९४ लाख टन धान्य पिकले होते. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला आणि उत्पादन ७ कोटी २३ लाख टनांवर कोसळले. १९६६-६७ सालही तसेच गेले. १९६६ या एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्यातला मोठा भाग अमेरिकेचा, 'पीएल-४८०' या कायद्याखाली रुपयांत मोल चुकवून मिळणारा गहू. भात आणि रागीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, खाणाऱ्या मुलखात रेशनच्या दुकानातून गहू मिळू लागला, तेव्हा ज्या घरांत चपाती सणावारी होत असे तिथे ती रोजच्या ताटात आली. बेंगळूरच्या मराठी घरांना पोळीचे नवल नव्हते. त्यांची तक्रार होती ती गव्हाच्या जातीबद्दल. त्या लाल गव्हाची पोळी खपलीच्या किंवा बन्सीच्या पोळीपुढे चामट लागे.

टंचाईपाठोपाठ भाव चढले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. ग्राहक किमतींची वाढ १९६६ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास होती, १९६७ मध्ये ती १३ टक्क्यांवर पोहोचली. १९६७-६८ चा हंगाम साधला, साडेनऊ कोटी टन धान्य हाती आले आणि मगच बाजार निवला. दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरीतला किमान पगार ८० रुपये ठरवला होता. महागाईच्या मागे धावणारा भत्ता त्यावर. हा भत्ता किती असावा हे ठरवण्यासाठी माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा आयोग बसला आणि तरीही समाधान न झाल्याने १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला. बेंगळूरसारख्या केंद्रीय कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शहरात हा विषय घरोघरचा होता.

सोन्याचा भाव आजच्या वाचकाला हेवा वाटावा असा दिसतो. १९६७ मध्ये दहा ग्रॅमला सुमारे १०० रुपये, वर्षभरात १६० च्या पुढे. पण ८० रुपये किमान पगाराशेजारी तो आकडा ठेवला की हेवा ओसरतो. शिवाय सोन्यावर सरकारची करडी नजर होती. १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी चौदा कॅरटहून शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आणली, १९६६ मध्ये ती अट सैल झाली आणि १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला. जुन्या किमतींच्या याद्या वाचताना ही खबरदारी नेहमीच घ्यावी लागते: वस्तू स्वस्त होती म्हणजे ती मिळत होती असे नव्हे. स्कूटर, मोटार, टेलिफोन या साऱ्यांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

आता दुसरी बाजू. धान्य सात समुद्रांपलीकडून येत असताना घरातल्या यंत्रवस्तू मात्र हेब्बाळच्या पंचक्रोशीत तयार होत. मनगटावरचे एचएमटीचे किल्लीचे घड्याळ जालहळ्ळीचे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तिथला कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला होता. रेडिओच्या पोटातले व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर जालहळ्ळीच्याच भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनत. कचेरीतला काळा टेलिफोन दूरवाणीनगरच्या आयटीआयचा, न्हाणीघरातला मैसूर सँडल साबण राज्य सरकारच्या कारखान्यातला. १९६५ च्या युद्धात गाजलेले नॅट लढाऊ विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बेंगळूरच्या कारखान्यात तयार होई. कारखान्यांच्या बस सकाळी वसाहतींतून कामगार गोळा करत फिरत आणि त्या बसच्या वेळांवर घरातली सकाळ बेतलेली असे. भाकरी परावलंबी आणि घड्याळ स्वदेशी, अशी त्या काळाच्या नियोजनाची उलटी घडण एकट्या बेंगळूरमध्येही पुरती दिसत होती.

नॅट विमान सामान्य माणसाच्या हातात रोज यायचे ते टपाल तिकिटाच्या रूपात. १९६५ नंतरच्या नेहमीच्या वापरातल्या तिकिटांपैकी २० पैशांच्या तिकिटावर त्याचे चित्र होते. मे १९६८ मध्ये टपालाचे दर वाढले, पाकिटाला २० पैसे पडू लागले आणि हे तिकीट घरोघर पोहोचले. पोस्टकार्ड ६ पैशांचे १० पैसे झाले. गावाकडे खुशाली कळवणाऱ्या माणसाला ही वाढ अवमूल्यनापेक्षा जास्त जाणवली असणार. पाच पैशांच्या तिकिटावर कुटुंबनियोजनाचा प्रचार होता. त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर रंगला होता आणि १९६८ मध्ये 'निरोध' हा कंडोम पंधरा पैशांना तीन या दराने पानपट्टीच्या दुकानांत आला. हिशेब दशमान पद्धतीचा होऊन दहा वर्षे झाली तरी बाजारात चार आणे, आठ आणे चालूच होते. १९६८ मध्ये पिवळे वीस पैशांचे नाणे आले, त्यावर कमळ होते. पुढच्याच वर्षी गांधी जन्मशताब्दीची नाणी निघाली.

बातमी येई ती वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून. 'डेक्कन हेराल्ड' आणि 'प्रजावाणी' रुळलेले होते, १९६७ मध्ये 'कन्नड प्रभा' त्यांना येऊन मिळाले. दूरदर्शनचे बेंगळूर केंद्र १९८१ मध्ये आले, त्यामुळे साठच्या दशकात पडदा म्हणजे सिनेमाचाच. रेडिओ ठेवायला टपाल खात्याचा परवाना लागे. त्याचे वार्षिक शुल्क १५ रुपये होते आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटे चिकटवून ते भरावे लागे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागे. तिच्या वार्षिक यादीत १९६७ मध्ये 'मिलन', १९६८ मध्ये 'शागिर्द' आणि १९६९ मध्ये 'इंतकाम' या चित्रपटांतली गाणी पहिली आली. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करून सिलोनला हा श्रोता बहाल करणारे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ होते. ही चूक सुधारण्यासाठी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर तिच्यात जाहिरातीही वाजू लागल्या.

बातम्यांच्या दृष्टीने या शहराचा सर्वांत गजबजलेला महिना जुलै १९६९ हा होय. लालबागेतल्या काचघरात काँग्रेस महासमितीचे अधिवेशन भरले. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा हे म्हैसूर राज्याचेच माजी मुख्यमंत्री होते. राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध ठरले आणि पक्षफुटीची पहिली चीर बेंगळूरमध्ये पडली. याच मुक्कामात इंदिरा गांधींनी कृषी विद्यापीठाच्या नव्या विस्तीर्ण आवाराचे उद्घाटन केले. शताब्दी वर्षामुळे त्याला गांधी कृषी विज्ञान केंद्र असे नाव मिळाले. दिल्लीला परतल्यावर १६ जुलैला त्यांनी मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्यांत बेंगळूरची कॅनरा बँक होती, तशीच पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही. आणखी दोनच दिवसांनी, भारतीय वेळेप्रमाणे २१ जुलैच्या सकाळी, माणूस चंद्रावर उतरला. हे सारे बेंगळूरकरांनी ऐकले आणि वाचले. पाहिले काहीच नाही.

मराठी कुटुंबांना मात्र वेगळ्याच बातमीची धास्ती होती. बेंगळूरमध्ये मराठी वस्ती नवी नव्हती. १६३८ नंतर शहाजीराजांकडे या भागाची जहागीर आली तेव्हापासूनची घराणी इथे होती आणि सरकारी कारखान्यांच्या निमित्ताने नवी घरे येत होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्याने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो फेटाळला. तिकडे मुंबईत जून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मोरारजींची गाडी अडवण्याच्या प्रयत्नातून मुंबईत दंगल पेटली. मुंबईतल्या उडुपी हॉटेलवर पडलेला दगड बेंगळूरच्या मराठी घरात ऐकू येणे स्वाभाविक होते.

करमणुकीचे केंद्र म्हणजे मॅजेस्टिकचा परिसर. हेब्बाळहून सिनेमाला जायचे तर बेंगळूर ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसची बस धरायची. केंपेगौडा रस्त्याभोवती चित्रपटगृहांची रांग होती. १९६८ मध्ये तीत भव्य 'कपाली'ची भर पडली आणि उद्घाटनाला, पुन्हा, मोरारजी देसाई. कन्नड पडद्यावर राजकुमार यांचे राज्य होते: १९६८ च्या 'जेडर बले'त ते बाँडच्या थाटाचे गुप्तहेर सीआयडी ९९९ झाले आणि त्याच वर्षी हा हेर 'गोवादल्ली सीआयडी ९९९' मध्ये गोव्यात पोहोचला. 'बेळ्ळी मोड' (१९६७) आणि 'गेज्जे पूजे' (१९६९) या चित्रपटांतून दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांनी स्त्रीच्या दुःखाकडे पाहणारा वेगळा प्रवाह आणला. १९६९ च्या अखेरीस 'आराधना'ने राजेश खन्नाचे वारे सुटले. याच शहरातल्या हनुमंतनगरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी तरुण वाढत होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो शहर बसचा कंडक्टर झाला आणि नंतर तमिळ पडद्यावर रजनीकांत.

क्रिकेटमध्ये मराठी बेंगळूरकराची पंचाईत होई. रणजी करंडक मुंबईकडे १९५८-५९ पासून ठाण मांडून होता, आणि म्हैसूरकडे प्रसन्ना, चंद्रशेखर यांच्यासारखे फिरकीपटू. १९६७ मध्ये भद्रावतीच्या गुंडप्पा विश्वनाथने पहिल्याच रणजी सामन्यात आंध्रविरुद्ध २३० धावा काढल्या. नोव्हेंबर १९६९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटीत तो पहिल्या डावात शून्यावर गेला आणि दुसऱ्यात त्याने १३७ केल्या. रेडिओला कान लावून बसलेल्या शहराने त्यानंतर त्याला कायमचे आपलेसे केले.

धान्याचा प्रश्न मात्र क्रिकेटसारखा दोन डावांत सुटणारा नव्हता. गव्हाची क्रांती पंजाबात झाली. म्हैसूरच्या कोरडवाहू रागीला तिचा उपयोग नव्हता. रागीवरचे काम मंड्याजवळच्या विश्वेश्वरय्या कालवा शेतावर लक्ष्मणय्या यांनी केले. भारतीय आणि आफ्रिकी रागीचा संकर करून त्यांनी 'इंडाफ' वाण तयार केले आणि सत्तरच्या दशकात ते शेतकऱ्यांच्या हाती आले. पीएल-४८० खालचा सवलतीचा गहू १९७१ च्या अखेरीस थांबला. त्यानंतर लगेच १९७२ चा दुष्काळ पडला आणि देशाला पुन्हा धान्य आयात करावे लागले, पण या वेळी रोख डॉलर मोजून.