घर्षण हवे, करकर नको : विमानातील एका ब्रेकची गोष्ट

तुमसर रोडहून येणारी गाडी तिरोडी स्थानकात शिरते तेव्हा तिच्या ब्रेकची किंचाळी सगळ्यांच्या कानांवर पडते. मँगनीजच्या खाणीभोवती वाढलेल्या आमच्या गावाला यंत्रांचे आवाज नवे नाहीत. पण लोखंडावर लोखंड घासले की कधी नुसती घसघस होते आणि कधी किंचाळी फुटते, असे का, हा प्रश्न मला पडला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो विमानांच्या देखभालीचे काम करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी नेमके काय करतो हे आईला सांगताच येत नाही. शब्दच सापडत नाहीत." त्याने मला जे समजावले आणि मी पुढे जे वाचले, ते त्याच्या आईला कळेल अशा मराठीत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

विमानाच्या शेपटीला दोन आडवे छोटे पंख असतात. त्यांचा कोन बदलला की विमानाचे नाक वर किंवा खाली झुकते. अनेक विमानांत हा कोन बदलण्यासाठी एक लांब स्क्रू असतो आणि मोटार तो फिरवते. अशा हलवणाऱ्या यंत्रणेला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. स्क्रू सहज फिरावा म्हणून पुष्कळदा त्याच्या आट्यांत पोलादी गोळ्या बसवतात. पण जे सहज फिरते ते उलटेही सहज फिरते. मोटार थांबल्यावर वाऱ्याचा दाब पंखाला ढकलून स्क्रू मागे फिरवू शकतो. म्हणून तेथे उलट फिरणे रोखणारा ब्रेक लागतो.

याची कल्पना चढावरच्या भरलेल्या बैलगाडीवरून येईल. गाडी चढत असताना चाकामागे धरलेला दगड आड येत नाही. बैल थांबले की तोच दगड गाडी मागे घसरू देत नाही. या ब्रेकमध्ये दगडाचे काम दातेरी चाक आणि खटका करतात. जुन्या राहाटाला असा खटका असे. दातेरी चाक आणि स्क्रू यांच्यामध्ये घर्षणाच्या चकत्या असतात. वाऱ्याचा दाब जितका जास्त, तितक्या त्या घट्ट आवळल्या जातात. वाऱ्याविरुद्ध जाताना दातेरी चाक स्क्रूबरोबर मोकळे फिरते. वाऱ्याच्या दिशेने जायचे असेल तेव्हा मात्र खटका दातेरी चाकाला अडवून धरतो आणि मोटारीला आवळलेल्या चकत्या घासत ओढाव्या लागतात. करकर जन्मते ती येथे.

तिचे कारण घर्षणाच्या स्वभावात आहे. जड कपाट ढकलताना ते आधी हलत नाही, आणि एकदा हलले की एकदम पुढे सरकते. स्थिर वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, सरकत्या वस्तूला कमी. चकती चिकटते, तोवर मोटारीकडचा दांडा स्प्रिंगसारखा पिळला जातो. मग चकती सुटते, पीळ उलगडतो, ती पुन्हा चिकटते. हे सेकंदाला कित्येक वेळा घडले की यंत्रणा थरथरते आणि ती थरथर विमानाच्या सांगाड्यातून आवाज बनून पसरते. सारंगीची तारही गजाखाली अशीच चिकटत-सुटत वाजते. तेथे तो सूर असतो. येथे मात्र दात्यांवर आघात होतात, चकत्या झिजतात, जोड सैल होतात.

मग भरपूर तेल ओतले तर? आवाज कदाचित थांबेल, पण ब्रेकची पकडही सुटेल. खरी अडचण हीच आहे. घर्षण कमी करायचे नाही, त्याचा स्वभाव बदलायचा आहे. त्यासाठी अभियंते चकतीचे द्रव्य आणि तेलातील मिश्रणे अशी निवडतात की वेग वाढला तरी घर्षण एकदम घसरू नये. चकतीवर खाचा पाडतात, म्हणजे तेल सर्वत्र सारखे पोचते. दांड्याचा ताठपणा बदलतात किंवा थरथर शोषून घेणारा भाग जोडतात. काही रचनांत चकत्यांमध्ये तिरके रूळ बसवतात. ते थोडे लोळतात, थोडे घासतात, त्यामुळे घर्षण अधिक एकसारखे राहते.

शेपटीच्या या यंत्रणेत हयगय चालत नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले. पुरेशा वंगणाअभावी शेपटीच्या स्क्रूवरील नटचे आटे झिजून गेले होते. दोष ब्रेकचा नव्हता. पण स्क्रूची पकड सुटली तर काय होते, हे त्यातून दिसले.

उलट, प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना ऐकू येणारा कुत्रा भुंकल्यासारखा आवाज द्रवदाब यंत्रणेतील एका भागाचा असतो, आणि तो नेहमीचाच आहे. म्हणूनच आवाज नेमका सांगता यावा लागतो. वैमानिक वेगळा आवाज ऐकला की त्याची नोंद करतो आणि देखभाल करणारा त्या नोंदीवरून शोध सुरू करतो. मराठीत खडखड म्हटले की सैल भाग डोळ्यांसमोर येतो, घरघर म्हटले की फिरते चाक, करकर म्हटले की चिकटत-सुटत घासणारे पृष्ठभाग. हे भेद आमच्या घराघरांत रोज बोलले जातात. पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच पोचतात.

तिरोडीत मराठी, हिंदी आणि पोवारी एकमेकींत मिसळून चालतात. येथील मुले विज्ञान हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, आणि ते शिकावेच. पण आपले काम आईला सांगता येत नसेल, तर त्या शिक्षणातले काहीतरी घराबाहेरच राहते. मी हा मजकूर त्या विद्यार्थ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "खटका आणि करकर, एवढे दोन शब्द मिळाले तरी मी सांगेन."