काटा शून्यावर आहे, म्हणजे नेमके काय?

ज्या घरात रिक्षा, टेम्पो नाहीतर ट्रक आहे, त्या घरातल्या बायकापोरांनाही ‘बॅटरी उतरली’, ‘डायनॅमो चार्जिंग करत नाही’ ही वाक्ये पाठ असतात. चार जणांनी धक्का मारायचा, गाडी चालू करायची आणि इलेक्ट्रिशियनच्या दुकानापर्यंत न्यायची. आकाशात धक्का मारायला कोणी नसते. दोन-चार माणसांच्या लहान विमानात हेच दुखणे उद्भवले तर काय होते, आणि खाली उतरल्यावर मेकॅनिक ते कसे हुडकतो, हे वाचकांना सांगावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. आपली कितीतरी मुले ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, आयटीआयमध्ये हात काळे करीत आहेत. त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

पहिल्याने एक भीती काढून टाकू. बॅटरी गेली म्हणून असे विमान दगडासारखे खाली पडत नाही. सेसना 172 किंवा पायपर चेरोकी या विमानांच्या इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. ते इंजिनाच्याच फिरण्याने स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतात. बॅटरीकडे काही मागत नाहीत. वेग आणि उंची सांगणारे नेहमीचे काटेही हवेच्या दाबावर चालतात. बंद पडतो तो रेडिओ, दिवे, पेट्रोलचे काटे आणि पुष्कळ विमानांत पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप. भर दुपारी, स्वच्छ हवेत यातून सुखरूप उतरता येते. रात्री आणि ढगात मात्र गोष्ट वेगळी.

11 ऑक्टोबर 1983 ची रात्र. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एअर इलिनॉय कंपनीचे विमान स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलला निघाले. हे विमान लहान नव्हे, हॉकर सिडले 748 जातीचे. आपल्याकडे कानपूरला याच जातीची विमाने परवान्याने बनत आणि लोक त्यांना ‘ॲव्हरो’ म्हणत. उड्डाण होताच डावा जनरेटर गेला. घाईत सहवैमानिकाने नादुरुस्त डावा सोडून चांगला उजवाच तोडला, आणि तो पुन्हा जोडता आला नाही. उरल्या फक्त बॅटऱ्या. मागे फिरून स्प्रिंगफील्ड जवळ होते, पण कप्तानाने पुढे जायचे ठरवले. सुमारे अर्ध्या तासाने बॅटऱ्या संपल्या, अंधारात उपकरणे मेली आणि पिंकनीव्हिलजवळ विमान कोसळले. दहाच्या दहा माणसे गेली. बॅटरी ही शिदोरी आहे, रोजची भाकरी नव्हे, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

आता मीटरकडे येऊ. खरी फसगत इथेच होते. ॲम्पियरचा मीटर कुठल्या तारेत बसवला आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. सेसना 172 च्या नेहमीच्या मीटरमध्ये शून्य मधोमध असते, कारण तो बॅटरीच्या तारेत आहे. काटा उजवीकडे म्हणजे बॅटरीत वीज भरते आहे, डावीकडे म्हणजे बॅटरीतून उपसली जाते आहे. काटा शून्याच्या जरा उजवीकडे टेकून उभा असला की सगळे ठीक. पायपर चेरोकीत मात्र मीटर अल्टरनेटरच्या तारेत असतो. तो फक्त अल्टरनेटर किती वीज देतो ते सांगतो. तिथे काटा शून्यावर आला तर अल्टरनेटर मेला असे समजावे. म्हणजे एकाच शून्याचा एका विमानात अर्थ ‘सुखरूप’ आणि दुसऱ्यात ‘खाली उतरा’! एका जातीवर शिकलेला माणूस दुसरीत बसला की गोंधळतो, तो उगीच नव्हे.

शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. उतरताना लावायचा मोठा दिवा चालू करावा. 14 व्होल्टच्या यंत्रणेत 100 वॉटचा दिवा म्हणजे सुमारे 7 ॲम्पियर. सेसनात काटा क्षणभर डावीकडे हलून पुन्हा जागेवर आला, तर अल्टरनेटरने भार उचलला. डावीकडेच राहिला तर तो भार बॅटरी उचलते आहे. चेरोकीत काटा तेवढाच वर चढला पाहिजे.

इंजिन चालू केल्यावर काटा उजवीकडे जोरात जातो, त्याने घाबरू नये. स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरी परत भरून घेत असते. पण अर्ध्या तासाच्या सरळ उड्डाणानंतरही काटा शून्यापासून दोन काट्यांच्या जाडीपेक्षा जास्त उजवीकडे असेल, तर बॅटरी जास्त भरली जाते आहे. ती तापते आणि तिच्यातले पाणी उडते. व्होल्टेज फारच चढले की संरक्षक यंत्र अल्टरनेटरला आपोआप तोडते. अशा वेळी मास्टर स्विचच्या दोन्ही बाजू बंद करून पुन्हा चालू करावयाच्या, तेही एकदाच. दिवा पुन्हा लागला तर गरज नाही ते सर्व बंद करून उतरण्याची तयारी करावी.

जमिनीवर आल्यावर नवशिका मेकॅनिक आधी अल्टरनेटर खोलतो. आमच्या मते तो शेवटी खोलावा. आधी बॅटरीचे व्होल्टेज बघा: विश्रांतीनंतर पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 ते 12.7 दाखवते. मग पट्टा. सेसनासारख्या विमानात पट्टा बदलायचा तर पुढचा पंखा उतरवावा लागतो, म्हणून त्याची ढिलाई तपासायचा आळस फार होतो. मग अर्थिंग आणि जोड. अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलपासून बॅटरीच्या अधिकपर्यंत आणि अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या उण्यापर्यंत, यंत्रणा चालू असताना मल्टिमीटर लावावा. जिथे व्होल्ट गळतो तिथे गंज नाहीतर सैल नट सापडतो.

काटा थरथरत असेल तर बहुधा मास्टर स्विच किंवा फ्यूजचा जोड दोषी असतो. रेग्युलेटर त्याच तारेतून व्होल्टेज ‘बघतो’. मधे गंज असला की त्याला अर्धा व्होल्ट कमी दिसतो, तो अल्टरनेटरला तेवढे जास्त पळवतो, आणि बिचारी बॅटरी उकळते. कानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर अल्टरनेटरच्या सहा डायोडपैकी एखादा गेला असावा.

कधी यंत्रणा चांगली असते आणि मीटरच खोटे बोलतो. पुष्कळ विमानांत सगळी वीज मीटरमधून जात नाही. शंट नावाच्या धातूच्या पट्टीतून जाते आणि मीटर त्या पट्टीवरचे अगदी बारीक व्होल्टेज मोजतो. 60 ॲम्पियरला 50 मिलिव्होल्ट अशी पट्टी असेल, तर एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे 1.2 ॲम्पियरची चूक. त्याची बारीक तार जरा सैल झाली तरी काटा नाचतो. खात्री करायला डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. घरगुती विजेचा साधा क्लॅम्प येथे काही दाखवत नाही.

एक गोष्ट आमच्या गॅरेजवाल्या मुलांनी नीट ध्यानात घ्यावी. पूर्ण उतरलेल्या बॅटरीचे विमान पंखा हाताने फिरवून चालू करता येते, पण तो पंखा माणसाचा हात तोडू शकतो. शिवाय अल्टरनेटरला स्वतःचे चुंबक जागे करायला आधी बॅटरीचीच थोडी वीज लागते. जुन्या डायनॅमोची तशी गरज नसे. त्यामुळे इंजिन चालेल, पण अल्टरनेटर जागा न होता तसाच फिरत राहील. ती बॅटरी काढून टेबलावर चार्ज करावी, तिची क्षमता मोजावी आणि परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्यावरच विमान बाहेर काढावे.