शिकाऊ उमेदवारी आणि लहान कारखान्याचे दार

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागे आणि त्याने विटाळ होई, हे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून शिकवावे, अशी मागणी त्यांनी केली. नोकरीच्या आधी कसब हवे आणि जात कसबाच्याच दाराशी आडवी येते, हे त्यांनी ओळखले होते.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा या दाराशी संबंधित आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचे कलम आले. मोठ्या कारखान्यात त्याचा आधार घेता येतो. पण आपली कितीतरी मुले लेथ, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती शिकायला लहान वर्कशॉपचेच दार ठोठावतात. तेथील मालक म्हणतो, "पोरगा शिकेपर्यंत त्याला पोसायचे कोणी?" प्रश्न खोटा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर कार्यकर्त्यांना पाठ हवे.

२०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारही या मोजणीत येतात. चार ते एकोणतीस माणसे असतील तर उमेदवार घेणे ऐच्छिक आहे. म्हणजे आठ माणसांच्या वर्कशॉपवर सक्ती नाही, पण मज्जावही नाही. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देते.

हिशेब साधा आहे. २०१९ साली दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन ६००० रुपये ठरले. त्या दराने सरकारचे १५०० आणि मालकाचे ४५००. दोन उमेदवार वर्षभर ठेवले तर सरकारचा वाटा ३६,००० रुपये होतो. दर बदलत असतात. करार करताना चालू दर पाहावा. पूर्वी मालकाने सगळे पैसे भरून मग परताव्याची वाट पाहावी लागे. लहान मालक तेथेच कंटाळे. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. त्यासाठी सरकारी पोर्टलवर मालकाची व उमेदवाराची नोंदणी आणि दोघांचा करार हवा. करार नसेल तर पैसाही नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही. कागदपत्रे जमत नसतील तर अनेक मालकांच्या वतीने हे काम पाहणाऱ्या मध्यस्थ संस्थाही आहेत.

पण पैशाचा प्रश्न सुटला म्हणून दार उघडत नाही. एक-दोनच उमेदवार घेणाऱ्या वर्कशॉपात राखीव प्रमाणाचा हिस्सा पडणार कसा? तेथे मुलगा येतो तो ओळखीने. भाचा, गाववाला, जातवाला. आपल्या वस्तीची ओळख त्या मालकापर्यंत पोहोचलेली नसते. माझा एक विद्यार्थी असाच एका वर्कशॉपात लागला. सहा महिने त्याच्या हाती झाडू होता, लेथला हात लावू दिला नाही. करार नव्हता, तक्रार कोणाकडे करणार? माझ्या वडिलांच्या हातचा झाडू माझ्यापर्यंत आला नाही तो शाळेमुळे. या मुलाची शाळा म्हणजे ते वर्कशॉपच होते.

कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. म्हणून प्रत्यक्ष शिकणे आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवणे, हेच त्याचे भांडवल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांची कागदपत्रे व बँक खाती नीट करून घ्यावीत आणि हा हिशेब घेऊन मालकाकडे जावे. शिक्षकांनी करार वाचून दाखवावा. आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन एवढेच विचारावे : याच्या हातात आज काय आहे?